उणे वीसमध्ये टू-स्ट्रोक चालू करायचं म्हणजे

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गेल्या काही वर्षांत बर्फावर मासे धरणारी मंडळी बॅटरीच्या ऑगरकडे, म्हणजे बर्फात भोक पाडायच्या गिरमिटाकडे, वळली. त्यामुळे झालं काय, पेट्रोलवर चालणारे चांगले दणकट ऑगर लोकांच्या गॅरेजात धूळ खात पडले आणि मातीमोलाने विकायला निघाले. माझा त्यातलाच एक. शेजारच्या आजोबांकडून घेतला. खाली ८ इंची पातं, वर दोन मुठींच्या मधे बसवलेलं छोटं टू-स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून चालू करायचं. आजोबा प्रामाणिक माणूस. पैसे घेण्याआधीच त्यांनी सांगितलं होतं की भोकं झकास पाडतो, पण थंडीत उठायला कुरकुर करतो.

कुरकुर म्हणजे काय, ते व्हाइट बेअर लेकवर कळलं. जानेवारी, उणे वीस सेल्सियस, वारा तोंडावर. चालत तळ्यावर जायला किमान ४ इंच टणक बर्फ हवा, असं राज्याचं खातं दरवर्षी बजावत असतं. इथे चांगला फूटभर होता. चोक पूर्ण दिला, प्रायमरचा (हाताने पेट्रोल ओढून घ्यायचा) रबरी फुगा दाबला, दोरी ओढली. एकदा ‘फट्’ झालं. आशा वाटली. पुन्हा ओढली, काही नाही. पुन्हा, पुन्हा, चोक अर्धा करून, चोक काढून, परत देऊन. दंड भरून आले आणि जॅकेटच्या आत घाम फुटला. उणे वीसमध्ये घाम येणं ही फार वाईट गोष्ट, कारण थांबलात की तोच घाम तुम्हाला गारठवतो. शेवटी पलीकडच्या तंबूतली पोरं त्यांचा बॅटरीवाला ऑगर घेऊन आली आणि मला दोन भोकं पाडून देऊन गेली. हसत हसतच, पण दिली. हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ टाकायची परवानगी असते, म्हणून दोन.

संध्याकाळी घरी येऊन गॅरेजात तोच ऑगर उभा केला, जेवून आले, सहज दोरी ओढली तर गडी पहिल्याच झटक्यात चालू. आमचं गॅरेज हीटर लावून दहा अंशांवर ठेवलेलं असतं. आत मिरवतो आणि बाहेर नेला की मुकाट. हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा होता, पण तेव्हा मला ती माझी चेष्टा वाटली.

मिरजेला माझ्या मामाचं स्कूटरचं गॅरेज होतं. आता तो कामातून निवृत्त झालाय, म्हणजे फक्त सल्ले देतो. आमची रात्र म्हणजे त्याची सकाळ. व्हिडिओ कॉल लावला.

“मामा, एक टू-स्ट्रोक चालू होईना झालंय.”

“तिकडं अजून टू-स्ट्रोक आहेत व्हय?”

“मासे धरायला लागतं.”

“मासे धरायला इंजिन? असू दे बाई. प्लग काढून बघितलास का? ओला आहे का कोरडा?”

मग त्याने जे सांगितलं ते स्कूटरच्या काळापासून त्याचं ठरलेलं आहे. आधी करंट, मग पेट्रोल, मग दाब. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. “चार वस्तू एकदम बदलल्यास तर कशानं चालू झाली ते देवसुद्धा सांगायचा नाही.” त्यात माझी एक भर होती. गॅरेजात तपासणी करायचीच नाही. ऑगर रात्रभर मागच्या अंगणात, बर्फात उभा राहील आणि परीक्षा सकाळी तिथेच होईल. थंडीतला आजार उबेत कसा सापडणार? शिवाय गार यंत्र उबदार घरात आणलं की त्याला आतून-बाहेरून घाम सुटतो, ते पाणी कार्बोरेटरात (पेट्रोल आणि हवा मिसळतात त्या भागात) बसतं आणि दुसऱ्या दिवशी बाहेर नेलं की गोठतं. म्हणजे घरात आणून आपणच नवं दुखणं लावून घ्यायचं.

करंट बघायला वेळ लागला नाही. प्लग काढला. काळा होता, पण तेलकट चिकट नव्हता. नवीन प्लग आणला, फट पुस्तिकेप्रमाणे ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. प्लग टोपणात खोचून, त्याची धातूची बाजू इंजिनाच्या अंगाला टेकवून, अंधारात दोरी ओढली. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून दूर धरायचा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. निळी, टणक ठिणगी दिसली. बंद करायच्या बटणाची वायर कुठे घासून उघडी पडली नाही ना, तेही बघितलं. फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) आणि कॉइल (ठिणगीची वीज देणारं तारेचं वेटोळं) यांच्या मधलं अंतर व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहिलं. कार्ड अडकत अडकत जात होतं, म्हणजे बरोबर.

एक गोष्ट मात्र इथे लक्षात आली. या इंजिनाला बॅटरी नाही. ठिणगी फ्लायव्हीलच्या चुंबकावर तयार होते, त्यामुळे ते जितक्या वेगाने फिरेल तितकी ती दमदार. थंडीत दोरीच्या डबीतलं ग्रीस घट्ट होतं, दोरी ताठ होते, आणि जाड हातमोज्यांनी आपण ती ओढतो तेव्हा वेग अर्ध्यावर येतो. म्हणून पहिल्या खऱ्या झटक्याआधी मी दोन-तीनदा दोरी सावकाश ओढून सोडते, डबी मोकळी होते, मग जोर लावते.

करंटचा प्रश्न मिटला. पुढे पेट्रोल, आणि इथे मुक्काम लांबला.

ऑगर घेतला तेव्हा टाकीत अर्ध्याहून जास्त पेट्रोल होतं, आजोबांनीच कधीतरी भरलेलं. ते काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी मागच्या पायरीवर रात्रभर ठेवून दिली. सकाळी बघते तर बरणीत दोन थर. वर टू-टी ऑइलचा निळसर रंग घेतलेलं पेट्रोल आणि तळाशी बोटभर गढूळ, रंग नसलेलं पाणी. नुसतं पाणी नव्हे, पाणी आणि इथेनॉल. अमेरिकेत पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. थोडं पाणी ते पोटात ठेवून घेतं, पण त्यालाही मर्यादा आहे. अर्ध्या टक्क्याच्या आसपास पाणी झालं की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं, आणि जितकी थंडी जास्त तितकं ते लवकर. गॅरेजात एकजीव दिसणारं पेट्रोल तळ्यावर फुटतं ते असं. टाकीतली नळी पेट्रोल घेते तळातूनच. म्हणजे इंजिनाच्या वाट्याला धड न पेटणारं पाणीच येणार, आणि तेल वरच्या थरात राहिल्यामुळे वंगणसुद्धा नाही.

दुसरी भानगड याहून साधी, पण मला ती माहीत नव्हती आणि मामाला तर असायचं कारणच नाही, कारण मिरजेत उणे वीस कधी होत नाही. उन्हाळ्यात विकलं जाणारं पेट्रोल आणि हिवाळ्यात विकलं जाणारं पेट्रोल इथे वेगवेगळं असतं. हिवाळी पेट्रोलमध्ये ब्युटेनसारखे चटकन उडणारे घटक जास्त मिसळतात, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही वाफ तयार होते. उन्हाळ्यात ते कमी करतात. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, पेटते ती वाफ. जुलैमध्ये गवत कापायच्या यंत्रासाठी भरून ठेवलेला कॅन जानेवारीत ऑगरमध्ये रिकामा केला की प्लग ओला होतो, वास येतो, सगळं व्यवस्थित वाटतं आणि इंजिन ढिम्म. शिवाय कॅन महिनोन्‌महिने ठेवला की उडून जाणारे घटकच आधी उडून जातात.

मिनेसोटात जवळजवळ सगळ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल घालायचा कायदा आहे, पण छोटी इंजिनं, बोटी, स्नोमोबाइल (बर्फावर धावणाऱ्या गाड्या), जुन्या संग्राह्य गाड्या यांच्यासाठी बिनइथेनॉलचं प्रीमियम पेट्रोल विकायची मुभा आहे. काही पंपांवर त्याची वेगळी नळी असते आणि तशी पाटीही. महाग पडतं. पण ऑगरला हंगामभर लागतं किती? मी एक छोटा कॅन ताजा आणला.

तेलाचं प्रमाण टाकीच्या झाकणावर छापलेलं होतं, ४० ला १. लिटरला २५ मिली. इथे गॅलनचा हिशेब, म्हणजे ३.२ औंस. ‘थोडं जास्त तेल टाकलं तर इंजिनाला बरंच’ ही समजूत इथल्या आजोबांची आणि तिकडच्या स्कूटरवाल्यांची अगदी एक आहे. मामा गिऱ्हाइकांशी यावरून भांडायचा. तेल वाढलं की तेवढ्याच मापात पेट्रोल कमी जातं, प्लग घाण होतो आणि थंडीत तर दाट तेल वाफेच्या आड येतं. मी स्नोमोबाइलसाठी मिळतं ते सिंथेटिक टू-टी घेतलं, उणे तापमानातही पातळ राहणारं.

टाकी धुऊन, नळीतलं जुनं काढून, ताजं मिश्रण भरून पुन्हा अंगणात. आता एका ‘फट्’ऐवजी चार-पाच सेकंद भुर्र भुर्र आणि मग बंद. सुधारणा होती. पण खड्डा पाडायला चार सेकंद पुरत नाहीत.

“दाब बघ,” मामा म्हणाला. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कॉम्प्रेशन गेज अनामत ठेवून फुकट वापरायला मिळतं. प्लगच्या जागी गेज बसवलं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, चोक उघडा ठेवून, काटा थांबेपर्यंत दोरी ओढली. ११० पीएसआयच्या वर. अशा इंजिनाला ९० च्या खाली आलं की काळजी करायची. म्हणजे रिंगा आणि सिलिंडर ठीक. सायलेन्सरची जाळी कार्बनने बुजलेली असली तरी इंजिन उठत नाही, म्हणून तीही काढून पाहिली. निम्मी काळी होती, ब्रशने घासली. फरक पडला नाही.

मग मामाचा जुना प्रयोग. प्लग काढून भोकात चमचाभर नव्हे, अगदी टोपणभर मिश्रण टाकायचं, प्लग लावायचा आणि ओढायचं. दोन-तीन सेकंद जोरात धावलं आणि विझलं. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर गुळमुळीत येत नाही. जोरात पेटलं म्हणजे करंट आहे, दाब आहे. विझलं म्हणजे टोपणातलं संपल्यावर पुढचं पेट्रोल आलं नाही. राहतो कोण? कार्बोरेटर.

“पण प्रायमरचा फुगा दाबला की पेट्रोल येतंय, मामा. डोळ्यांनी दिसतंय.”

“तुझा अंगठा ओढतोय तवर येणारच की. इंजिननं ओढल्यावर येतंय का ते बघ.”

तेवढ्या एका वाक्यावर सगळं उलगडलं. या कार्बोरेटरला स्कूटरसारखी तरंगत्या फ्लोटची वाटी नसते. ऑगर आडवा, तिरका कसाही धरतात, त्यात वाटी चालणार नाही. तिच्या जागी एक पातळ रबरी पडदा असतो, डायफ्राम. इंजिन हवा ओढतं तेव्हा हा पडदा आत वाकतो, एका इवल्या लिव्हरला दाबतो, लिव्हर सुई उचलते आणि पेट्रोल आत येतं. सगळा खेळ त्या पडद्याच्या लवचीकपणावर. प्रायमरचा फुगा दाबून सोडला की तो चांगला जोरात ओढतो, त्या जोरापुढे कडक पडदाही वाकतो. कार्बोरेटरच्या पोटात साठलेल्या तेवढ्या पेट्रोलवर इंजिन चार सेकंद धावतं. नंतर इंजिनाच्या हलक्या ओढीला कडक पडदा दाद देत नाही. आणि रबर थंडीत आणखी कडक होतं. गॅरेजातल्या दहा अंशांत जेमतेम वाकणारा पडदा उणे वीसमध्ये हलतच नव्हता.

कार्बोरेटर दोन नटांवर बसलेला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरं कापड पसरून उघडला (नवऱ्याने पेट्रोलच्या वासाबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त सगळ्या खिडक्या उघडल्या, त्या थंडीत). चार स्क्रू, वरची पत्र्याची झाकणी आणि खाली तो पडदा. नवा पडदा बोटाने दाबला तर नुसता खाली जातो. हा दाबला तर ‘टक्’ असा आवाज करून आत जायचा आणि तिथेच राहायचा. कडेला सुरकुत्या, मधे पिवळट डाग. दुसऱ्या बाजूच्या झाकणाखाली एक जाळी असते, करंगळीच्या नखापेक्षा लहान. तिच्यावर तपकिरी लुकण साचलेलं, वर्षानुवर्षं सुकलेल्या पेट्रोलचं.

पडदे, गॅस्केटं, सुई आणि जाळी असा संच १५ डॉलरच्या आत मिळाला. कार्बोरेटरवर कोरलेला नंबर बघूनच मागवायचा. ऑगरच्या मॉडेलवरून मागवलात तर भलतंच काही येऊ शकतं, कारण एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे कार्बोरेटर बसवलेले असतात. उघडताना पायरीपायरीला फोनवर फोटो काढले होते, त्यांचा उपयोग झाला. कारण एका बाजूला आधी गॅस्केट आणि वर पडदा, तर पंपाच्या बाजूला आधी पडदा आणि वर गॅस्केट. हे उलटं बसलं की नव्या पडद्यासकट यंत्र तसंच बंद. भोकं स्प्रे क्लीनरने धुतली, दाबाच्या हवेने फुंकली. तार घालू नये. पितळेचं भोक वाढलं की कायमचं वाढलं. लिव्हरची उंची पुस्तिकेत दिल्याप्रमाणे जुळवली.

रात्रभर अंगणात. सकाळी चोक पूर्ण, फुगा घट्ट होईपर्यंत दाबला, दोरी ओढली, ‘फट्’ झाल्याबरोबर चोक अर्धा केला, पुढच्या झटक्याला चालू आणि चालूच. तो ‘फट्’ ऐकू येणं महत्त्वाचं. कानटोपी, वारा, शेजारचं जनरेटर, यांत तो हुकतो, माणूस पूर्ण चोकवर ओढत राहतो आणि पेट्रोल ओव्हर होतं. मग प्लग काढून, चोक उघडून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सिलिंडर कोरडा करत बसा.

गार हवा दाट असते. तेवढ्याच ओढीत इंजिनात हवा जास्त जाते आणि पेट्रोल कमी पडतं. म्हणून कार्बोरेटरवरचा मंद वेगाचा (पेट्रोल कमी-जास्त करायचा) स्क्रू मी किंचित, फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा, उघडा केला. मोठ्या वेगाच्या स्क्रूला हात लावला नाही. तो जास्त आवळला तर पेट्रोल कमी, पेट्रोलबरोबर तेल कमी, आणि इंजिन जळायला वेळ लागत नाही.

तळ्यावर परत गेले. पटापट भोकं पडली, बर्फाचा ओला चुरा उसळून बुटांवर, टाकीवर, सगळीकडे. आणि मग चालता चालता आवाज बारीक होत गेला आणि बंद. पुन्हा चालू केला, थोडा चालला, पुन्हा बंद. आता मात्र मामाला फोन करायची गरज पडली नाही. टाकीचं झाकण सैल केलं तर ‘फुस्स’ करून हवा आत गेली. झाकणात हवा आत घ्यायला एक बारीक छिद्र असतं, त्यावर तो चुरा गोठून बसला होता. पेट्रोल बाहेर पडतंय आणि हवा आत येत नाही, म्हणजे टाकीत पोकळी, आणि पेट्रोलची वाट बंद. झाकण जॅकेटच्या आत काखेत धरून वितळवलं, पुसलं, लावलं. तेव्हापासून ऑगर बर्फावर आडवा टाकत नाही. भोक झालं की स्लेजमध्ये उभा टेकवून ठेवते. गरम करायला म्हणून तंबूत नेऊन चालू करायचा तर विचारसुद्धा नको. टू-स्ट्रोकच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि तंबू केवढासा.

नंतर मिल लॅक्सलाही नेला. ५०० चौरस किलोमीटरच्या वरचं तळं, वॉलआय माशासाठी लोक लांबून येतात, आणि तिथे किनाऱ्यापासून आत गेल्यावर यंत्र रुसलं तर मदतीला पोरं असतीलच असं नाही. नीट चालला. वॉलआय मिळाला नाही, पर्च मिळाले. हळद, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवून तळले की पर्च बोंबलाची आठवण येऊ देत नाहीत इतकंच म्हणते.

मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत राज्याच्या दक्षिण भागातल्या तळ्यांवर मुक्कामाला ठेवलेल्या झोपड्या हलवाव्या लागतात, तेव्हा ऑगरचाही हंगाम संपतो. टाकी रिकामी केली, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे कार्बोरेटरातलंही संपलं. प्लगच्या भोकात थोडं टू-टी टाकून दोरी हळू ओढली.

एक काम राहिलंय. मंद स्क्रू उघडल्यापासून आयडलिंग, म्हणजे इंजिनाचा नुसता चालू असतानाचा वेग, चढलंय आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी पातं हळूहळू फिरत राहतं, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. आयडलचा स्क्रू कमी केला की थंडीत बंद पडतो, वाढवला की पातं फिरतं. मामाचं म्हणणं, क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्यात, बदल. स्प्रिंगा मागवल्या आहेत.